चिंचेनं घासलेला रुपया

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दादाला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. शिवाय रविवार जवळ येतोय. त्याचं नंतर सांगतो.

आम्ही काशीतले मराठी, दूधविनायकाला राहतो. किती पिढ्या झाल्या ते दादाला विचारा, त्याला सगळी नावं पाठ आहेत. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, पंचगंगा घाटावर यात्रेकरूंची पूजा सांगतो. मी शाळेत इंग्रजी शिकवतो. आणि वहिनी — दादाची बायको — दुपारी दादाच्या उपरण्याच्या गाठीतली दक्षिणा ताटात ओतून नाणी वेगळी करते. शिक्षण सातवीपर्यंतचं, पण तांदळातला खडा तिला ओसरीवरून दिसतो. या दशकाच्या सुरुवातीला एका दुपारी त्या ताटात तिला एक रुपया सापडला. छाप सगळी एका कडेला सरकलेली आणि दुसऱ्या कडेला चंद्रकोरीसारखी कोरी जागा. भाजीवाला घेणार नाही म्हणून आम्ही तो बाजूला टाकला असता. वहिनी म्हणाली, "भाऊजी, हे बघा तरी. मशीनमध्येच गडबड झाली आहे. हा बिलकुल खरा आहे."

चौकातल्या नाणेवाल्याकडे मीच तिला घेऊन गेलो. त्यानं भिंगसुद्धा न उचलता रुपया परत सरकवला. "ई त ठोंक-पीट के बनावल हौ." म्हणजे कुणीतरी हातोडीनं ठोकून केलेला, खोटा. दुकानात बसलेले लोक हसले. परतताना मंगला गौरीच्या देवळापाशी वहिनी म्हणाली, "पटत नाही म्हणाला असता तर चाललं असतं हो. त्यानं बघितलंच नाही."

मला राग आला होता — खरंच आला होता, एवढं तरी माझं ऐका. विद्यापीठातल्या एका ओळखीच्या प्राध्यापकांचा मुलगा अमेरिकेत होता. तिकडे नाणी तपासणाऱ्या संस्था असतात. नाणं खरं की खोटं, चूक टांकसाळीत झालेली की नंतर कुणी केलेली, हे त्या ठरवतात. आणि खरं ठरलं तर दर्जा लिहून पारदर्शक डबीत कायमचं बंद करून देतात. मुलगा सुट्टीवर आला तेव्हा फॉर्म घेऊन आला. पहिलं पान मी ऐटीत वाचलं, वहिनीला समजावलं, भरलं. दुसरं पान बारीक अक्षरातल्या सूचनांचं, आपल्याकडेच ठेवायचं. वहिनीनं विचारलं, यात काय आहे? मी म्हटलं, नेहमीचंच. वाचलं नव्हतं. इंग्रजीचा मास्तर ना मी!

रुपया तिनं कागदात गुंडाळून माझ्याकडे दिला. काळवंडलेला होता, कडेला कुंकवाचा थर. आता — आमच्या घरात पूजेची उपकरणी रोज चिंच आणि राखेनं घासतात. देवापुढे काळं भांडं ठेवायचं नाही, पाहुण्यापुढेही नाही. मला वाटलं, साता समुद्रापलीकडे परक्या लोकांपुढे आपल्या घरचं नाणं असं मळकं जाणार? मी मोरीत बसलो, चिंचेचा कोळ, राख आणि नारळाचा काथ्या घेतला आणि तो घासला. अगदी मनापासून घासला. लख्ख झाला. खूश होऊन मी पाकीट बंद केलं.

मुलगा ते पाकीट घेऊन विमानात बसला आणि दोन-चार दिवसांनी मी सहज ते दुसरं पान वाचलं. पहिलीच सूचना — नाणं धुऊ नका, पुसू नका, घासू नका.

तेव्हाच सांगता आलं असतं ना? वहिनी चिडली असती, दोन दिवस अबोला धरला असता. एवढंच. पण मी पान घडी करून पुस्तकात ठेवलं आणि तिच्याबरोबर पोस्टमनची वाट बघत राहिलो. म्हणजे बघत असल्याचं दाखवत राहिलो.

रुपया साध्या प्लास्टिकच्या पिशवीत परत आला. सोबत चिठ्ठी: घासलेलं नाणं, दर्जा देता येत नाही. वहिनीनं तो खिडकीशी नेऊन उजेडात धरला. "पाठवताना इतका चमकत नव्हता ना, भाऊजी?"

हेच ते. यासाठीच इतका वेळ मी इकडचं तिकडचं बोलतोय. मी म्हणालो, तिकडे तपासताना कसल्याशा औषधात बुडवतात. आणि तेवढ्यावर थांबलो नाही. "वहिनी, लक्ष्मीपूजनाला तुम्ही सगळी नाणी चिंचेनं घासता. त्यात हाही घासला गेला असेल."

ती आठवत बसली. जे घडलंच नाही ते माणसाला आठवतं का हो? संध्याकाळपर्यंत तिला आठवलं. "मीच घासला असेन," म्हणाली. दादा सगळ्यांदेखत हसला — हिला भांडी काय नि नाणी काय, सारखीच. मीही हसलो. घासण्याची मला लाज वाटते, पण त्या हसण्याची जास्त वाटते.

पण वहिनीला तुम्ही ओळखत नाही. रडत बसणाऱ्यांतली ती नव्हेच. ताटातली नाणी ती पूर्वीपेक्षा सावकाश बघू लागली. गेल्या वर्षी तिला दोन रुपयांचं नाणं मिळालं, भारताचा नकाशा दोनदा उमटलेला, एकावर एक सरकून. तिनं ते कडेनं उचललं आणि कोऱ्या कागदात ठेवलं. या खेपेस फॉर्मची दोन्ही पानं तिनं शब्दकोश घेऊन स्वतः वाचली, महिनाभर लागला. एकच शब्द मला विचारला. 'घासणे' या अर्थाचा होता तो. मी अर्थ सांगितला. आणखी काही नाही सांगितलं.

गेल्या महिन्यात ते नाणं डबीत बंद होऊन आलं. खरं, चूक टांकसाळीतली, दर्जासकट. चौकातला नाणेवाला या वेळी गादीवरून उठला, भिंग घेतलं आणि बराच वेळ बघत राहिला. वहिनी असा चेहरा करून उभी होती की मला तिथेच नाचावंसं वाटलं. आता रविवारी गल्लीतल्या मुली तिच्याकडे नाणी बघायला शिकतात. तिच्यासारखीच नजर तयार होतेय एकदोघींची, खोटं नाही सांगत.

आणि दर रविवारी ती मुलींना पहिल्यांदा आपली चूक सांगते. हसत सांगते, काही न लपवता. जी तिनं केलीच नाही ती. मी ओसरीवर वर्तमानपत्र धरून ऐकतो.

परवा रविवार आहे. मुली ताटाभोवती बसतील, दादाही घरीच असेल. वहिनी सुरू करेल, "मी एकदा एक रुपया चिंचेनं घासला —" आणि मी मध्येच बोलणार आहे. तो मी घासला. मोरीत बसून, काथ्यानं. आणि तुमच्या नावावर घातला, वहिनी. हसलो सगळ्यांदेखत होतो, तेव्हा सांगणारही सगळ्यांदेखतच. त्यानंतर ती काय म्हणेल, ते तिचं ती ठरवेल.