आबांच्या मागे रशीदभाई

पळणारा माणूस पळून मोकळा होतो. किस्से साठतात ते त्याचे कपडे सांभाळत बसलेल्या माणसाकडे. आमच्या मंडळींत तो माणूस मी. तहसील कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालो, त्यामुळे दुसऱ्यांच्या वस्तूंवर नजर ठेवून एका जागी बसायची सवय होतीच. फायलींच्या जागी स्वेटर, मफलर, चष्मे आणि एक कवळी आली, एवढाच फरक. मंडळी मला ‘मॅनेजर’ म्हणतात. पगार नसला की हुद्दा मोठा द्यावा लागतो.

मंडळी म्हणजे तीन जण. मुठा गावचे सोपानआबा, शेतकरी. शंभर मीटर पळतात, तेही अनवाणी. पौडच्या बाजारपेठेतले रशीदभाई, यांचं चपला-बुटांचं दुकान. हेही शंभर मीटरच पळतात, पण अर्थात बूट घालून. आणि घोटावड्याच्या नलूताई, निवृत्त नर्स, गोळा फेकतात. तिघंही ज्येष्ठांच्या स्पर्धांत उतरतात.

रविवारी पौडच्या शाळेच्या मैदानावर सराव असतो. थंडीत तिथं धुकं असं उतरतं की समोरचा गोलपोस्टसुद्धा कुणाच्या तरी आठवणीतला वाटावा. आबा आणि रशीदभाई त्या धुक्यात पळत जातात आणि विरघळतात. नुसती पावलं ऐकू येतात. मग तीही नाहीत. मी बाकावर बसून वाट बघतो. थोड्या वेळानं धुक्यातून परतताना आधी आबा उमटतात, मग रशीदभाई. दोघं शाळेत एका वर्गात होते, तेव्हापासून हा क्रम बदललेला नाही.

“भाऊसाहेब,” रशीदभाई एकदा बुटाची नाडी सोडता सोडता मला म्हणाले, “सोपानच्या बायकोनं बघितली नसेल इतकी मी सोपानची पाठ बघितलीय. बनियनला भोक कुठं पडलंय तेही मीच त्याला सांगतो. मला मेडल नको. मरायच्या आत एकदा त्याच्या पुढं जायचंय. एकदाच!”

* * *

ज्येष्ठांच्या स्पर्धांची एक गंमत असते. तिथं रेकॉर्ड मोडण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे जिवंत राहणं. वयोगट जसजसा वर जातो तसतशा लेन मोकळ्या होत जातात.

पुण्यातल्या एका स्पर्धेत सगळ्यात वरच्या गटाच्या शर्यतीला एकच आजोबा आले. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, सकाळच्या कोवळ्या उन्हात अगदी पारदर्शक दिसत होते. रेषेवर उभे राहिले आणि इकडेतिकडे बघायला लागले. स्टार्टर म्हणाला, “आजोबा, चला, सुरू करू.”

“बाकीचे येऊ देत की.”

“बाकीचे कुणी नाहीत. तुम्ही एकटेच आहात.”

आजोबांनी लांबवर पसरलेल्या त्या लाल ट्रॅककडे शांतपणे पाहिलं.

“मग पिस्तूल कशाला उडवताय? उगीच दचकायला होतं.”

आणि हात मागे बांधून, वाटेत ओळखीच्या पंचांची विचारपूस करत, ते चालत गेले. त्या गटात आधी कुणी पळालेलंच नव्हतं. रेकॉर्ड झालं!

* * *

जगातल्या शर्यतींचा इतिहास आमच्याकडे रशीदभाईंच्या मोबाईलमधून येतो. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं. शटर अर्धं खाली, आत रबराचा वास, आणि खोक्यांच्या भिंतींमध्ये आम्ही चौघं त्या एवढ्याशा पडद्यावर वाकलेलो. जुन्या काळ्यापांढऱ्या चित्रात माणसं पळत नाहीत, तरंगतात. बघता बघता मला डुलकी लागते आणि पुढची शर्यत मी झोपेत पूर्ण करतो. बऱ्याचदा निकाल वेगळा लागतो.

एकदा रशीदभाईंनी मॅरेथॉन दाखवली. परक्या देशातली संध्याकाळ, रस्त्याच्या दुतर्फा मशाली, आणि एक सडपातळ आफ्रिकी शिपाई एकटाच अनवाणी पळत येतोय. रेकॉर्ड करून पहिला आला. नलूताईंच्या डोळ्यांत पाणीच आलं.

आबा पडद्याजवळ सरकले. मग हळूच म्हणाले, “लई झ्याक पळला. पन तितले चपलावाले काय म्हनले?”

रशीदभाईंनी मोबाईल खिशात टाकला आणि शटर वर केलं.

* * *

दुसरी एक दुपार. उंच उडी. दोन खेळाडू, वेगवेगळ्या देशांचे पण एकमेकांचे मित्र, अगदी सारख्या उंचीवर येऊन अडकले. पुढची उंची दोघांनाही जमेना. पंचानं त्यांना जवळ बोलावलं. त्यांतला एक जण म्हणाला, दोघांना सुवर्णपदक देता येईल का? येईल म्हटल्यावर दोघांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. एक तर जमिनीवर लोळून रडला.

रशीदभाईंनी हे चित्र तीनदा लावलं. तिसऱ्या वेळी त्यांचं लक्ष चित्राकडे नव्हतं, आबांकडे होतं.

“सोपान, बघितलंस? वाटून घेतलं.”

“बगितलं की.”

“काय वाटलं?”

आबांच्या मुठ्यातल्या जमिनीच्या आजूबाजूला आता शनिवार-रविवारचे बंगले उभे राहिलेत. भाऊबंदकीत काय काय होतं ते त्यांना चांगलं माहीत.

“दोगांनी वाटून घेतलं,” आबा आश्चर्यानं म्हणाले, “आनि कोर्टात कुनीच गेलं न्हाई?”

* * *

नलूताईंचं नाव राहून जायला नको, नाहीतर गोळा माझ्या पायावर पडेल.

त्या स्पर्धेला स्वतःचा गोळा घेऊन जातात. “परक्याचा गोळा हाताला लागत नाही,” म्हणतात. त्या दिवशी आम्ही एसटीनं निघालो होतो. गाडीत गर्दी नव्हती, सगळे पेंगत होते. खिडक्यांतून पिवळं ऊन आत येऊन सीटवर बसलं होतं. नलूताई शेवटच्या बाकावर, पिशवी पायांपाशी. पिरंगुटच्या उतारावर समोर म्हशी आल्या. ड्रायव्हरनं ब्रेक मारला. गोळा पिशवीतून सुटला आणि मधल्या वाटेनं घरंगळत निघाला. घाई नव्हती त्याला. एकेक सीट ओलांडत, सगळ्यांना दर्शन देत, ड्रायव्हरच्या मागच्या पत्र्यावर जाऊन धाडकन आदळला.

कंडक्टर ओरडला, “कुणाचं हाय हे?”

मागून नलूताई उभ्या राहिल्या.

“मॅनेजर, अंतर लिहून घ्या! एवढा लांब माझा आजवर गेला नव्हता!”

* * *

बावधनचा एक आयटीतला मुलगा मुठ्याला मित्राच्या बंगल्यावर येत असे. नाव आदित्य. पायांत भारी बूट, हातावर घड्याळ. ते घड्याळ त्याला बोलून दाखवायचं की तू दमलायस. एका सकाळी तो ओढ्याकाठच्या रस्त्यानं पळत होता, तर शेजारून एक अनवाणी म्हातारा पुढं निघून गेला. आदित्यनं जोर लावला. म्हातारा डोंगराच्या सावलीत शिरला आणि दिसेनासा झाला. पोराला वाटलं, भास झाला.

पुढं आबा बांधावर बसलेले सापडले.

“आजोबा, अनबिलिव्हेबल! तुमचे कोच कोण होते?”

“म्हस.”

“सॉरी?”

“म्हस व्हती. दावं तोडून पळायची. गावली न्हाई तर दूध न्हाई.”

आदित्यनं आदरानं विचारलं, “आता कुठं असते ती?”

“इकली,” आबा म्हणाले. “तवापासनं पळनं मंदावलं माजं.”

ही गोष्ट ऐकल्यावर रशीदभाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, “भाऊसाहेब, म्हैस केवढ्याला पडेल?”

* * *

मग ते वर्ष आलं, ज्यात रशीदभाईंचं सगळं बिनसलं.

आबा शाळेत उशिरा गेलेले. वर्ग एक असला तरी वयानं ते रशीदभाईंपेक्षा मोठे. त्यामुळे त्यांचा वाढदिवस झाला आणि ते वरच्या गटात गेले. रशीदभाई खालच्या गटात एकटे उरले. म्हणजे माणसं होती लेनमध्ये, पण रशीदभाईंच्या हिशेबी ती माणसं नव्हतीच.

त्या वर्षी रशीदभाई पहिले आले! गळ्यात सुवर्णपदक, हातात पुष्पगुच्छ, आणि चेहरा असा की नलूताईंनी आधी त्यांची नाडी बघितली.

“काय होतंय?”

“काही नाही. पळताना समोर सोपानची पाठ नव्हती. कुठं जायचं तेच समजेना.”

त्यांनी वरच्या गटात पळायची परवानगी मागितली. पंच म्हणाले, वय भरत नाही. “मग आता काय करायचं?” “वाट बघा,” पंच म्हणाले.

लोक केस काळे करतात, दात बसवतात, वय लपवतात. रशीदभाई म्हातारं व्हायची वाट बघत दुकानात बसून राहिले. दिवाळ्या गेल्या, ईदा गेल्या. गिऱ्हाईक मापाची चप्पल मागायचं आणि हे कॅलेंडरकडे बघायचे. दर रविवारी सराव चालूच होता, पण सरावात आबा हरले असते तरी रशीदभाईंनी ते धरलं नसतं. शर्यत म्हणजे रेषा, पंच आणि पिस्तूल. आणि काळजी एकच. आबांच्या गुडघ्याची! स्वतःच्या दुकानातली गुडघ्याची पट्टी ते आबांना जबरदस्तीनं बांधायचे.

“तू थांबू नकोस हां, सोपान. मी येतोय.”

शेवटी वय भरलं. नलूताईंनी पेढे आणले.

“रशीदभाई, वाढदिवसाच्या शुभेच्छा म्हणू, की अभिनंदन?”

“अभिनंदन म्हणा. आता पोचलो!”

* * *

ती शर्यत गेल्या थंडीतली. पुण्यातलं मोठं मैदान, सकाळची वेळ, ऊन असूनही नसल्यासारखं. दोघं शेजारशेजारच्या लेनमध्ये. मी नेहमीसारखा सुरुवातीच्या रेषेमागे, एका हातात रशीदभाईंचा स्वेटर, खिशात आबांची कवळी. मॅनेजरला फक्त पाठी दिसतात. समोरून बघतात ते शेवटच्या रेषेवरचे पंच. आणि ते बघतात छाती, कारण रेषा छातीनं ओलांडायची असते. तोंड कुणी बघत नाही.

पिस्तूल उडालं.

म्हाताऱ्यांची शर्यत स्वप्नातल्यासारखी असते. पाय हलतात, अंतर हलत नाही. पण त्या दिवशी काहीतरी हललं. अर्ध्या वाटेवर रशीदभाईंची पाठ एकटीच पुढं दिसायला लागली. आधी वाटलं, माझ्या चष्म्यावर दव आलंय. पुसला. तरी तेच! आबा मागे होते. हातभर मागे, मग दोन हात.

नलूताई माझा दंड धरून किंचाळत होत्या, “मागं बघू नका! रशीदभाई, मागं बघू नका!”

इतक्या वर्षांनी पुढं गेलेल्या माणसाला हे सांगून उपयोग नसतो. रशीदभाईंनी मान वळवली. पळता पळता आबांच्या तोंडाकडे बघितलं. आणि मग बघतच राहिले. त्यांची पावलं एकदम हलकी झाली, घरात कुणी झोपलेलं असताना आपण चालतो तशी. आबा शेजारून आले, पुढं गेले, रेषा ओलांडली.

रशीदभाई दुसरे.

परतताना गाडी नलूताई चालवत होत्या. चांदणी चौक गेला, बावधनच्या इमारती गेल्या. आबा पुढच्या सीटवर कवळी लावून शांत बसले होते. भूगाव मागे पडल्यावर रशीदभाईंनी विचारलं.

“सोपान, तू डोळे मिटून पळतोस?”

“व्हय.”

नलूताईंनी गाडी कडेला घेतली.

“कधीपासून?”

“शाळेपासनं.”

“अरे, पण का?”

“उगडून बगायचं काय? म्होरं कुनी नसायचंच.”

रशीदभाई पुढच्या सीटकडे वाकले. मग म्हणाले, “आज मी होतो ना पुढं!”

“व्हतास. तुज्या बुटांचा आवाज म्होरनं येत व्हता. लई येळ येत व्हता.” आबांनी मांडीवरचं मेडल उलटंपालटं केलं. “एकदा वाटलं, उगडावं डोळं.”

“मग का नाही उघडलेस?”

“तू दिसला असतास की!”