होणारे सासरे कशेळीच्या रिक्षात

माझे सासरे मी लग्नाआधीच हरवून बसलो होतो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी टेलिफोन खात्यात लाइनमन, राहायला भिवंडीच्या नारपोलीत. स्थळ साताऱ्याकडचं. मुलीचे वडील निवृत्त मुख्याध्यापक, त्यांना सगळे गुरुजी म्हणायचे. मुलगी मला पसंत होती, मी मुलीला पसंत होतो (म्हणजे तिने नाही म्हटलं नव्हतं). अडलं होतं ते गावावर. गुरुजींनी पत्रात स्वच्छ लिहिलं होतं, ‘मुलगा पाहिला. आता गाव पाहीन, मग बोलेन. पेपरात वाचतो त्यावरून भिवंडीत मुलगी द्यायला मन धजत नाही.’

मला राग आला. पेपरवाल्यांना भिवंडी आठवते ती फक्त दंगलीच्या दिवशी. आमची खाडी, आमचं जुनं बंदर, लोणाडची लेणी, वऱ्हाळा तलाव यांची बातमी कोण छापतो? मी कागदावर यादी केली आणि गुरुजींना शुक्रवारी बोलावलं. शुक्रवार मुद्दाम. त्या दिवशी गावातले लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद असतात. माणूस गावात येईल, दिवसभर फिरेल आणि खडखडाट न ऐकताच परत जाईल, असा माझा डाव होता.

आई म्हणाली, “समदं दाखव, पण दुपारी जेवायला घरी आण. पाहुणा उपाशी जाता कामा न्हाय.”

गुरुजी सकाळी एसटीने आले. पांढरा सदरा, पांढरी टोपी, हातात छत्री. मी त्यांना थेट खाडीवर नेलं. नेमकी ओहोटी होती. लांबपर्यंत चिखल, आणि चिखलात एक म्हैस.

“इथं अरबस्तानची गलबतं लागायची,” मी म्हणालो.

गुरुजींनी नाकाला रुमाल लावला. “कधी?”

“पूर्वी.”

“आणि हल्ली?”

मी म्हशीकडे पाहिलं. “हल्ली कमी झालंय.”

त्यांनी छत्री बंद करून काखेत घेतली. परीक्षेचा पेपर गोळा करताना मास्तर असाच चेहरा करतात. आता लेणी दाखवल्याशिवाय सुटका नव्हती. आमच्या माणसांची, बुद्धाची लेणी, दगडात कोरलेली गोष्ट, गुरुजी विरघळणारच. (मी स्वतः ती लेणी कधी पाहिली नव्हती. पण गावात राहणारा माणूस गावातलं काय काय पाहणार?)

धामणकर नाक्यावर रिक्षा बदलायची होती. मी गुरुजींना एका रिक्षात मागे नीट कोपऱ्यात बसवलं. “दोन मिनिटं बसा, पाणी घेऊन येतो.”

शेअर रिक्षाचा नियम एकच. भरली की निघते. मी पाण्याची बाटली घेऊन वळलो तेव्हा रिक्षा भरली होती आणि निघाली होती.

“अरे, ती लोणाडची रिक्षा गेली कशी?” मी शेजारच्या रिक्षावाल्याला विचारलं.

“लोणाड? भाई, वो तो कशेळी गया. लोणाडवाली ही काय, तुझ्या समोर.”

म्हणजे हरवले नव्हते. मीच त्यांना उलट्या दिशेला बसवून दिलं होतं.

मी पुढच्या रिक्षात चालकाच्या शेजारी अर्धा लटकत कशेळी गाठली. गोदामं, ट्रक, धूळ. गुरुजी नाहीत. एका चहावाल्याला विचारलं, “पांढरी टोपी घातलेले म्हातारे गृहस्थ पाहिले का?”

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. “आज जुम्मा आहे. तुला किती पाहिजेत?”

खरंच, नमाज सुटली होती आणि रस्ताभर पांढऱ्या टोप्या चालल्या होत्या. मी तिघांना पाठीमागून “गुरुजी” म्हणून हाक मारली. तिघांनीही आशीर्वाद दिला, पण त्यातला एकही माझा नव्हता. दोन तास गेले. पाण्याची बाटली मीच प्यायलो. आता साताऱ्याला तार कशी करायची, ‘वडील हरवले, लग्नाचं काय ते कळवा’ अशी?

चालत, लटकत परत धामणकर नाक्यावर आलो, तर मशिदीच्या भोंग्यावरून सूचना चालू होती. कुणीतरी हरवलं होतं. मी मनात म्हटलं, चला, आपल्यासारखं दुसरंही कुणी आहे. मग नीट ऐकलं.

“नारपोलीचा टेलिफोनवाला तरुण हरवला आहे. निळा शर्ट, चष्मा, जरा गोंधळलेला. कुणाला दिसला तर घरी पोचवावा. पाहुणे काळजीत आहेत.”

पानवाल्याने माझा निळा शर्ट पाहिला, चष्मा पाहिला, गोंधळ पाहिला आणि माझं मनगट घट्ट धरलं.

मला घरी पोचवण्यात आलं. गुरुजी खाटेवर बसून आईने केलेलं मटण जेवत होते. शेजारी एक दाढीवाले गृहस्थ. ते रशीदभाई, कोकणी मुसलमान, पिढीजात लूमवाले. रिक्षात गुरुजींच्या शेजारी बसले होते; नारपोलीचा टेलिफोनवाला विचारत त्यांनीच गुरुजींना घरी आणलं आणि भोंग्यावर सूचनाही त्यांनीच द्यायला लावली.

“अर्ध्या रस्त्यात कळलं, हे चुकीच्या रिक्षात हायत,” रशीदभाई म्हणाले. “घरी नेलं. शेवया खाऊ घातल्या. मास्तर म्हणाले, लूम बघायचाय. सुट्टी होती, पण पाहुण्यासाठी एक चालू केला.”

“काय आवाज हो,” गुरुजी म्हणाले. मी डोळे मिटले. “आमच्या शाळेत मधली सुट्टी झाली की असाच आवाज यायचा. निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं.”

मग त्यांनी हात धुतले आणि निकाल सांगितला. “गाव पसंत आहे. अनोळखी माणसाला घरी नेऊन जेवू घालतात, हरवलेल्याला शोधून आणतात. इथं मुलगी द्यायला हरकत नाही.”

आईने धीर करून विचारलं, “आन् पोरगा?”

गुरुजींनी मला चष्म्यापासून चपलेपर्यंत पाहिलं.

“मुलगी हुशार आहे माझी,” ते म्हणाले. “सांभाळेल.”

लग्न झालं. आता बाहेरगावचं कुणी नाक मुरडून विचारतं, भिवंडीत बघण्यासारखं काय आहे, तेव्हा मी छाती पुढे काढून सांगतो, कुठल्याही रिक्षात बसा, शेजारच्याशी बोला, उरलेलं तो दाखवेल. मग आम्ही दोघं बाजाराला निघतो. गर्दी सुरू झाली की बायको माझा हात धरते. एवढ्या वर्षांनीही काय प्रेम आहे, असं लोक म्हणतात. मीही त्यांना तसंच वाटू देतो.