शाकारलेली सायकल

पावसाळ्याआधी आमच्या वरोरला होड्या किनाऱ्यावर ओढतात, तेल पाजतात आणि वर झावळ्यांचं छप्पर घालतात. त्याला शाकारणं म्हणतात. त्या वर्षी मी आमच्या यांची सायकल शाकारली.

उन्हाळ्यात यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सायकल बंद केली. रोज सकाळी चिकूच्या वाडीत चक्कर मारून नाक्यावर चहा पिणारा माणूस ओटीवर बसून राहिला. एकदा म्हणाले, "भंगारवाला आला की देऊन टाक ती." सायकलीबरोबर हे स्वतःलाही मोडीत काढत होते, आणि ते मला मुळीच मंजूर नव्हतं. भंगारवाल्याला मी फाटकातूनच वाटेला लावलं.

सायकल धुतली, उन्हात सुकवली. राहिला गंजाचा प्रश्न. इथली खारी हवा लोखंडाला सोडत नाही. मासळी घेऊन दारावर येणारी कोळीण म्हणाली, "दुकानातला तेल कशाला? आमी होडीला मुशीचा तेल लावताव, तोच लाव." मी चेनपासून घंटीपर्यंत ते शार्क माशाचं तेल हात सैल सोडून चोपडलं, सायकल गोठ्याच्या आढ्याला टांगली आणि वर झावळ्या बांधल्या. होडी शाकारतात ती परत पाण्यात घालायलाच, हे यांना सांगायची गरज नव्हती.

वास मात्र असा सुटला की गावभरची मांजरं गोठ्यात मुक्कामाला आली. ओटीवरून आवाज आला, "अगं, सायकल टांगलीस की बोंबील?" ऑपरेशननंतरची ती पहिली थट्टा. मला इतका आनंद झाला की मांजरांना मी हाकललंच नाही.

नारळी पौर्णिमेला होड्यांची छपरं उतरली, तशी मीही सायकल उतरवली. गंजाचा ठिपका नव्हता. सीटच्या मात्र मांजरांनी चिंध्या केल्या होत्या. तिच्यावर गोधडीची घडी बांधली, हवा भरली आणि यांना म्हटलं, "बसा मागे."

"तुझ्या मागे? लोक काय म्हणतील?"

"लोकांचं मी बघते. तुम्ही पाय सांभाळा."

माझं माहेर झाईचं. शाळेत सायकलवरूनच जायचे, तेव्हा भीती कसली! वासामागे गावातली कुत्री धावत होती, जाळी विणणारे हसत होते. हे आधी कॅरिअर धरून बसले, मग वळणावर माझी कंबर धरली. चारचौघांत प्रथमच.

नाक्यावर यांच्या दोस्तांनी बाकावर सरकून जागा केली. हे चहा पिऊन, गप्पा मारून, सगळ्यांच्या चौकशा करून उठले.

परतीच्या वाटेवर मागून म्हणाले, "पुढच्या पावसाळ्यात हे तेल नको हं. आपण दोघं मिळून ग्रीस लावू."

मी पॅडल मारत राहिले. डोळे भरून आले होते, पण रस्ता दिसत होता.