मासोळीचं नवं पाणी

अहेरीच्या आमच्या कचेरीत बडे बाबूंच्या टेबलाशेजारी काचेची पेटी होती. बाजाराच्या दिवशी एक ढिवर त्यांना प्राणहितेतली एखादी चिमुकली मासोळी मडक्यात घालून आणून देई. मग कचेरीचं काम थांबे.

बडे बाबू ते मडकं पेटीतल्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवून ठेवत. थोड्या थोड्या वेळानं पेटीतलं वाटीभर पाणी मडक्यात सोडत, तेही कडेकडेनं. उजेड नको म्हणून खिडकीवर स्वतःचा दुपट्टा टांगत.

"एकदम टाकलं तं मरते ते. पानी नवं आहे न तिले," असं आम्हाला दटावत. एरवी तोंडात शिवी असलेला हा माणूस त्या दिवशी पावलंसुद्धा वाजू देत नसे. मला ते आवडायचं, हे कबूल करतो.

मी वर्ध्याहून बदलून आलो त्याच आठवड्यात हिवतापानं धरलं. तशात जंगलातल्या नाक्यावर जाण्याचा माझा हुकूम सहीला आला. अंगावर घोंगडी घेऊन मी बडे बाबूंपुढे उभा राहिलो.

"बाबूजी, आठ दिवस द्या. इथलं पाणी अजून मानवलं नाही."

त्यांच्या हातात वाटी होती. मान वर न करता म्हणाले, "तिथी जाऊन पडा. होते सवय आपोआप."

ओल्याच हातानं त्यांनी हुकमावर सही केली. शाई फुटली. थंडीनं माझे दात वाजायला लागले, तेव्हा कुठे त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. घाबरते न ते."