नावं दोन, यादी एक

रक्ततपासणीच्या लॅबमध्ये सगळे तिला अक्का म्हणत. लोकांच्या दंडाला पट्टा बांधून शिरा शोधण्यात बावीस वर्षं गेली आणि पंचेचाळिशीत तिने पुस्तक आणून कॉम्प्युटरची स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्रॅम, लिहायला शिकून घेतलं. "सुई सोडून आता उंदीर धरलास होय?" नवरा चिडवायचा. पण मशीनवरचे रिपोर्ट वॉर्डांत आपोआप पोचू लागले, ते तिच्याच स्क्रिप्टमुळे.

खोट एकच. आलेला प्रत्येक रिपोर्ट, सगळ्या आलेखांसकट, एका यादीत म्हणजे ॲरेमध्ये जाऊन बसायचा, तो तिथून हलायचाच नाही. दुपारपर्यंत मेमरी तुडुंब आणि कॉम्प्युटर गोगलगाय. मग अक्काने एक ओळ घातली: लॅबच्या पडद्यावर रिपोर्ट दिसले की यादी रिकामी. कॉम्प्युटर पळायला लागला. लॅबच्या डॉक्टरांनी स्वतः चहा मागवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डातून सिस्टरचा फोन आला. "अक्का, सात नंबरच्या आजोबांचा पोटॅशियमचा रिपोर्ट कुठाय? दोन तास झाले."

"गेला की मघाशीच!"

"इथे काही नाही. आणि त्यांचे ठोके बिघडलेत."

अक्काने धावत जाऊन मशीनवर आकडा पाहिला. सहा पूर्णांक आठ! साडेपाचच्या वर गेला तरी हृदयाला धोका. तिने तो तिथूनच वॉर्डाला फोनवर कळवला.

मग तिने स्क्रिप्ट वाचायला घेतली. पडद्याची यादी वेगळी, वॉर्डांना पाठवायची वेगळी, असं ती धरून चालली होती. यादी एकच होती, नावं तेवढी दोन. इकडे रिकामी केली की तिकडेही ठणठणाट. पाठवायचे राहिलेले एकतीस रिपोर्ट असेच पुसले गेले होते.

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "मशीन अडकलं होतं, असं लिहू या."

"मशीनने काय घोडं मारलंय? चूक माझी आहे."

एकतीसही आकडे तिने मशीनवरून उतरवून फोनवर कळवले. आजोबा वाचले, पण आठ दिवस अतिदक्षता विभागात होते. त्यांच्या लेकीने विचारलं, "इतका उशीर का झाला?" अक्काने खरं ते सांगितलं. लेक पाठ फिरवून वडिलांकडे निघून गेली. शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं अक्काला वाटलं.

आता वॉर्डाकडून पोच आली की तेवढाच रिपोर्ट यादीतून निघतो, मेमरीही तुंबत नाही. तरी घरी जेवताना अक्काचा हात मध्येच थांबतो.

"काय गं?" नवरा विचारतो.

"काही नाही," म्हणत ती डाव्या हाताने वॉर्डाला फोन लावते.