चिंचेखालचे पाच पाय

चहा आधी खाली ठेवा. मागच्या खेपेला हे ऐकताना आमच्या मेव्हण्याच्या नाकातून चहा आला होता, म्हणून म्हणतो. फजिती माझीच आहे आणि अख्ख्या वस्तीला ठाऊक आहे, तेव्हा लपवून तरी काय उपयोग?

मी सोपान. आठवीतून शाळा सोडली, शेळ्या राखतो. पाटोद्याच्या अलीकडं माळावर आमची वस्ती. दिवाळी झाली की सगळी ऊस तोडायला जातात. पोरंबाळं, बैल, तवे, पातेली, कोंबड्यासुद्धा! मागं उरतात चार म्हातारी माणसं, दारांची कुलपं आणि मी. चाव्या माझ्याकडं. वस्तीचा राखणदार! ऐकायला बरं वाटतं, नाही का?

पण रिकामी वस्ती भर दुपारी पाहिलीय कधी तुम्ही? रात्रीचं काही नाही हो, रात्री सगळ्याच वस्त्या गप्प असतात. दुपारी बारा वाजता, लख्ख उन्हात, एकाही चुलीचा धूर नाही. कुत्रीसुद्धा माणसांच्या मागं निघून गेलेली. कुलूप लावलेल्या घरात पत्रा तापून कडकड वाजतो आणि वाटतं, आत कोणी कूस बदलली. आपल्याच चपलांचा आवाज भिंतींवर आपटून मागून येतो. आपण थांबलो की तोही थांबतो. पण एक पाऊल उशिरा.

त्यात माझा स्वभाव लाजरा. परकं माणूस बोलायला लागलं की कुठं बघावं हेच मला कळत नाही. मग मी नुसती मान हलवतो. होळीच्या आधी शाळेचे गुरुजी असेच रस्त्यात भेटले. पोरं पालकांबरोबर तोडीला गेलेली, शाळा ओस. ते बीडच्या कुठल्या संस्थेबद्दल, मैदानाबद्दल बराच वेळ सांगत होते. शेवटी म्हणाले, "कळलं ना सोपान? जरा लक्ष ठेव."

"हो गुरुजी."

काय कळलं होतं? शपथेवर सांगतो, एक अक्षर नाही!

दोन-तीन दिवसांनी दुपारी शेळ्या घेऊन शाळेकडून चाललो होतो. शाळेला कमरेएवढी भिंत, भिंतीबाहेर मोठी चिंच, चिंचेच्या बुंध्याशी म्हसोबाचा दगड. माझ्या हातात सरदारचं दावं. सरदार म्हणजे आमचा बोकड. मी जाईन तिथं मागं येणार, कारण भाकरी माझ्या खिशात असते.

चिंचेखाली पाय उभे होते.

माणसं नाहीत. नुसते पाय! गुडघ्यापासून खाली, बुंध्याला टेकून ओळीनं पाच. पायांत मोजे, बूट, नाड्यांची नीट गाठ. त्यातल्या एका बारीक पायात चांदीचं पैंजण. वाऱ्यानं ते किणकिणलं.

मी तिथंच थिजलो. आणि भिंतीपलीकडून आवाज आला. थप्... थप्... थप्. मग हसणं. बाईचं, बाप्याचं, दोन्ही. भिंत कमरेएवढी हे विसरू नका. आत माणूस उभा असता तर दिसला असताच की! दिसत कोणीच नव्हतं. नुसता एक चेंडू भिंतीवर येत होता, क्षणभर थांबत होता आणि खाली जात होता. एकदा त्याच्या मागोमाग दोन हात वर आले. चेंडू झेलला, आणि हातही खाली गेले.

मी कसा पळालो ते विचारू नका. काशीआत्याच्या ओसरीवर जाऊन पडलो. काशीआत्या आमच्या वस्तीतली सगळ्यात म्हातारी. भूत, करणी, लागीर, सगळ्यांवर तिच्याकडं उपाय.

"कावून धापा टाकतोस रं मुडद्या?"

"आत्या, चिंचेखाली... पाय!"

"कुनाचे?"

"कुनाचेच न्हाईत! नुसते पाय हायत!"

आत्यानं सुपारी कातरायची थांबवली. "सरळ हायत का उलटे?"

"म्हंजी?"

"भुताचे पाय उलटे असत्यात, येवढं ठावं न्हाई तुला? बोटं कुनीकडं होती?"

"आत्या, वर मानूसच न्हाई, तर उलटे कशावरनं म्हनू?"

आत्या विचारात पडली. प्रश्न अवघड होता. "बुंध्याकडं पाठ का तोंड?"

मी आठवलं. चार बूट बाहेर तोंड करून होते. पाचव्याची टाच माझ्याकडं होती.

"एक उलटा हाय," मी म्हणालो आणि माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

"मंग बाकीचे चार त्यानं धरून आनलेले," आत्या म्हणाली. "वस्तीत मानूस न्हाई, दारं बंद. अशीच जागा हुडकत असत्यात ती. भाकर ठेव, कुकू लाव आन् बांधून टाक. बांधलेलं वस्तीत शिरत न्हाई."

"मी?"

"राखनदार कोन हाय?"

गेलो. करणार काय? चाव्या माझ्याकडं ना! खिशातली भाकरी पायांपुढं ठेवली. प्रत्येक बुटाला कुंकू लावलं. लावताना प्रत्येकाला "माफ करा दादा" म्हणत होतो, पैंजणवाल्याला "माफ करा ताई". भिंतीपलीकडं थप् थप् चालूच. मग दावं घेतलं आणि पाचही पाय एकत्र आवळले. गाठ अशी मारली की मारकी म्हैस लावली तरी सुटणार नाही.

आता इथं एक बारीकशी चूक झाली. दाव्याचं दुसरं टोक कुठं होतं?

सरदारच्या गळ्यात.

तेवढ्यात चेंडू भिंतीवरून बाहेर आला आणि सरदारच्या पाठीत बसला. भिंतीआडून एक बाई ओरडली, "धरा त्याला!"

मी धरायला थांबतो होय? सुटलो वस्तीकडं. मी पळालो म्हणून सरदार माझ्या मागं. आणि सरदारच्या मागं, खडखड खडखड, पाच पाय!

मागं वळून पाहिलं ही दुसरी चूक. रिकाम्या गल्लीत, भर उन्हात, बूट घातलेले पाच पाय धुरळा उडवत माझ्या मागं पळत येत होते. मधेच एखादा उंच उडत होता. पैंजण छुमछुम वाजत होतं. मी डावीकडं वळलो, तेही डावीकडं. मी मारुतीच्या पाराला वळसा घातला, त्यांनीही घातला! बोकड मला दिसलाच नाही हो. भ्यालेल्या माणसाला भ्यायचं तेवढंच दिसतं.

घरात शिरून कडी घातली. क्षणभर शांतता. मग दारावर धडक. खडखड. पुन्हा धडक. मी कणगीमागं बसून रामराम म्हणत होतो. आणि मग गल्लीच्या टोकाकडून दुसराच आवाज यायला लागला. एक पाऊल... टक्. एक पाऊल... टक्. सावकाश, जवळ जवळ. दाराशी येऊन थांबला. फटीतून सावली आत आली. सावलीला पाय एकच होता.

"पाया पडतो तुमच्या!" मी आतून ओरडलो. "जावा इथनं!"

"पड की," बाहेरून बाईचा आवाज आला, दमलेला. "पर आधी पाय तर दे आमचे!"

मला घाम फुटला. "कोन हाय तुमी?"

"शैला. बीडच्या संस्थेकडनं आलोय, व्हॉलीबॉलच्या सरावाला. गुरुजींनी सांगितलं न्हाई का तुला?"

सांगितलं होतं हो! तेच तर! मी मान हलवली होती.

दार उघडलं. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी एक बाई कुबडीला टेकून उभी, अंगात खेळाचा शर्ट, कपाळावर घाम. शेजारी सरदार, माझ्याकडं भाकरी मागत. तिनंच मला सगळं समजावलं. ही माणसं पाय काढून ठेवतात आणि जमिनीवर बसून व्हॉलीबॉल खेळतात. जाळीही खाली बांधतात. नकली पाय उन्हात तापले की घालताना चटका बसतो, म्हणून ड्रायव्हरनं ते सावलीत नेऊन ठेवले आणि टेम्पो घेऊन तो पाण्याचे जार आणायला गेला. पाचव्या पायाची टाच बाहेर राहिली, कारण ड्रायव्हर घाईत होता. बस्स! शिकवणाऱ्या सरांचा पायही त्यातच होता, म्हणून पळायला कोणी नव्हतं. कुबडी एकच. तिच्यावर सगळ्यात जलद शैलाताई.

"आन् बुटांना हे लाल काय लावलंय?"

"कुकू," मी जमिनीकडं बघत म्हणालो.

ती हसणार होती. पण तिनं दाव्याकडं पाहिलं आणि तिचं तोंड उतरलं. गाठ तशीच होती, पण तिच्यात चारच पाय होते. पैंजणवाला वाटेत कुठंतरी निसटला होता.

"माझाच न्हाई," ती म्हणाली.

शाळेकडून टेम्पोचा हॉर्न वाजायला लागला. त्याच दिवशी संध्याकाळी बीडला जिल्ह्याच्या संघाची निवड होती. मांजरसुंब्याला दुसरी गाडी यांची वाट बघत थांबलेली.

"तुमी जावा ताई, पाय मी हुडकून आनतो. खेळायला तर पाय लागत न्हाई ना?"

"खेळायला न्हाई लागत. घरी जायला लागतो." ती दाराच्या चौकटीला टेकली. "उसाच्या ट्रॉलीखाली पाय गेला, तवापासनं भाऊ मला उचलून नेतो, हा पाय मिळाला तरी खाली सोडत न्हाई. सकाळी त्याला सांगून आलेय, निवड झाली तर फाट्यापासनं दारापत्तोर चालत येईन. कडेवर बसून सांगू का त्याला, निवड झाली म्हनून?"

चार पाय खांद्यावर टाकले आणि आल्या वाटेनं निघालो, शैलाताई कुबडी टेकत मागून. आता वस्तीची भीती नव्हती, पाय सापडणार नाही याची होती. पार बघितला, गटार बघितलं, प्रत्येक कुलूपबंद दाराची पायरी बघितली. नाही! हॉर्न वाजतोच आहे.

आणि काशीआत्याच्या दारातून उदबत्तीचा वास आला.

आत देवांच्या शेजारी पाटावर पाय उभा. धुतलेला, बुटाला हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. आत्या हात जोडून बसलेली.

"आत्या, हे काय?"

"दारात आपसूक आला. मी बोटं बघितली," आत्या म्हणाली. "सरळ हाय. हा देवाचा."

"माझा हाय आत्या," दारातून शैलाताई म्हणाली.

आत्यानं तिच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग पाय उचलून तिच्यापुढं ठेवला. "लेकी, फूल काढू नगंस. नवस बोललेय मी."

"कसला?"

"ते ह्या भित्र्या पोराला अक्कल येऊ दे म्हनून."

शैलाताईनं पाय चढवला, पट्टे आवळले आणि फूल बुटाच्या नाडीत खोचून तशीच शाळेकडं चालत गेली. छुम, छुम. टेम्पो सुटला तेव्हा हात हलवायचा असतो हे मला आठवलं, पण टेम्पो वळणापलीकडं गेल्यावर!

निवड झाली. तिची झाली, सरांच्या अजून दोघांची झाली. फाट्यापासून दारापर्यंत ती चालत गेली. भाऊ सबंध वाट मागून चालत होता म्हणे, तोंडावर उपरणं धरून.

पुढच्या सरावाला सगळे पुन्हा आले. पाय पुन्हा चिंचेखाली, या वेळी पाचही सरळ. सरांनी विचारलं, "पायांच्या राखणीला कोण बसवायचा?"

मी धीर करून, जन्मात पहिल्यांदा, चारचौघांत हात वर केला.

"नगं सर," शैलाताई आतून ओरडली. "बोकडाला बसवा! तो पळाला तरी आमचे पाय संगट घेऊन पळाला. ह्यो गडी नुसते सोताचेच घेऊन पळाला!"