शनीच्या कड्यातली रेघ

संगमनेरला शाळेत तास चालू असताना शेवगावहून आलेलं कार्ड शिपायानं हातात दिलं. शांतवन मास्तर गेले. अक्षर त्यांच्या पत्नीचं, रूथबाईंचं होतं. ओळी चारच... त्याला आता पाच आठवडे झाले.

शेवगावच्या मिशनच्या शाळेत मी तीन वर्षं त्यांच्या हाताखाली शिक्षक होतो. ते भूमिती शिकवत. एका साहेबांनी विलायतेला परतताना त्यांना तीन इंची भिंगाची दुर्बीण दिली होती. परसात ती लावून ग्रह होतील तितके मोठे करून पाहायचे, हा मास्तरांचा नाद. ते म्हणत, "जितका मोठा कराल तितका तो अंधुक होतो, थरथरतो आणि मिनिटभरात निसटतो. पृथ्वी फिरते ती मला अशी कळते." शनीच्या कड्यात एक काळी रेघ असते असं त्यांनी वाचलं होतं. दहा वर्षं ते ती शोधत होते, पण खात्रीनं एकदाही दिसली नव्हती. आणि आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता.

महायुद्धाच्या शेवटच्या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडाशी, शनी दिवेलागणीलाच उंच असायचा. एके दिवशी मास्तर म्हणाले, "केशवराव, आता तुम्ही पाहा. मी विचारीन." मी डोळा लावला. शनी उकळत्या पाण्यात पडल्यासारखा हलत होता. रेघ दिसते का, या प्रश्नाला मी "दिसते" म्हणालो. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून दुसरं काही बोलवेना.

"कुठं आहे?"

"कड्याच्या मधोमध."

मास्तर शांतपणे म्हणाले, "मधोमध नसते ती. माझी कीव करून काही सांगू नका. दिसली नाही, हेही मला चालतं." रेघ कुठं असते ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. मला मान वर करवेना. ते उलट कुतूहलानं विचारू लागले, शनी हलतो तो एका अंगाला की सगळीकडून? मी पुन्हा पाहिलं. लाटा वरून खाली जाताना दिसत होत्या. दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, म्हणजे खरं तर खालून वर. त्यावर आम्ही बराच वेळ वाद घातला. शेवटी मास्तरांना कुंपणापलीकडची चूल आठवली. शनीकडे रोखलेली दुर्बीण नेमकी शेजारच्या भागूबाईंच्या धुराड्यावरच्या गरम हवेतून पाहत होती.

दुसऱ्या दिवशी मास्तर स्वतः कुंपणाशी गेले. भागूबाई हसल्या. "मास्तर, आमी भाकरी कवा थापायच्या मग?"

"उन्हं उतरायच्या आधी जमेल का? चारच दिवस."

"जमंल की. त्यात काय हाय."

पहिले तीन दिवस हवा तरीही नीट नव्हती. मी तसं सांगत गेलो. चौथ्या दिवशी शनी एकाएकी स्थिर झाला. दोन श्वासांपुरता. कड्याच्या दोन्ही टोकांना, बाहेरच्या कडेजवळ, केसाएवढी काळी रेघ. मी जे दिसलं ते तसंच सांगितलं.

"ग्रहाच्या समोरच्या भागात?"

"तिथं दिसत नाही."

मास्तर खुर्चीत मागे टेकले. "बाहेरच्या कडेजवळच असते," ते म्हणाले. मग त्यांनी भागूबाईंना हाक मारली. त्यांनी डोळा लावला आणि पुटपुटल्या, "ह्यो शनी व्हय? ह्याला लई भितो आमी. ह्यो तर पाळण्यातल्या खेळण्यावानी दिसतोय."

मागच्या आठवड्यात मी शेवगावला गेलो. रूथबाईंनी दुर्बीण कोठीत गोधडीत गुंडाळून ठेवली होती. संध्याकाळी त्यांनीच ती परसात आणायला लावली. पूर्वेला गुरू वर आला होता. मी तो भिंगात धरला आणि त्यांना बोलावलं. इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. "ते आत येऊन सगळं सांगायचेच," त्या म्हणाल्या, "मग वेगळं काय पाहायचं?"

त्या बराच वेळ वाकून पाहत राहिल्या. गुरू सरकला की मी दुर्बीण हलवून देत होतो. "बाजूला हे ठिपके आहेत, ते त्याचे चंद्र का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. चार असतात, असंही सांगणार होतो, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "चार म्हणायचे ते. पण मला तीनच दिसतात."

मी डोळा लावला. हवा स्थिर होईपर्यंत थांबलो. तीनच होते. चौथा गुरूच्या आड गेला असावा... रूथबाईंना ते सांगितलं, तर त्या ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "मग बाहेर येईपर्यंत बसू."